बुलेवार्ड म्हणजे नक्की काय? आणि पाटीवर मराठीत काय लिहायचं?

गंगाकाठचा
नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी नाशिकच्या गंगापूर रोडपासून आत, डीपी रोडला (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातल्या रस्त्याला). बिल्डरने नाव ठेवताना शेवटी 'बुलेवार्ड' चिकटवून दिलं आणि तो मोकळा झाला. गेटवरची पाटी फक्त इंग्रजीत होती, गेल्या पावसाळ्यात तिची मधली अक्षरं गळून पडली. आता नवी पाटी करायची आणि ती मराठीत करायची यावर एकमत झालंय. (आमच्याकडे एकमत ही चीज दुर्मिळ, म्हणून मुद्दाम सांगतो.)

पण लिहायचं काय? बुलेवार्ड, बुलेवर्ड की बोलेवार्ड? वॉचमन काका 'भुलेवाडा' म्हणतात. पार्सलवाली पोरं फोनवर 'बिलवाड किधर है' विचारतात. आमच्या अध्यक्ष आजोबांचं म्हणणं, सरळ मराठी शब्द घ्या, 'हमरस्ता' लिहा. त्यावर सेक्रेटरी ताई म्हणाल्या, आजोबा, गेटवर हमरस्ता लिहिलं तर शॉर्टकट म्हणून अख्खं नाशिक आपल्या पार्किंगमधून जाईल.

तर जाणकारांनी सांगावं: हा बुलेवार्ड आला कुठून, मराठीत त्याच्या जवळ जाणारं काही आहे का, आणि जाता जाता, हमरस्त्यातला 'हम' कोण? रविवारी मीटिंग आहे.

तर्रीबाज
'हम करे सो कायदा' मधला हम. संध्याकाळी सात वाजता आपल्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून बघा, शंका राहणार नाही.

शब्दखोर
बुलेवार्डची गोष्ट मजेशीर आहे, कारण त्याचा रस्त्याशी मुळात काही संबंध नव्हता.

जुन्या डचमध्ये 'बोलवेर्क' असा शब्द होता. बोल म्हणजे झाडाचा ओंडका, फळी. वेर्क म्हणजे काम. ओंडके रोवून केलेला बंदोबस्त. आपल्याकडे याला चोख शब्द आहे: मेढेकोट. तोच शब्द इंग्रजीत 'बुलवर्क' झाला, म्हणजे तटबंदी. फ्रेंचांनी उचलला तेव्हा त्याचा 'बुलव्हार' झाला आणि अर्थही लष्करीच राहिला: तटाचा, बुरुजाचा वरचा सपाट भाग, जिथे तोफा ठेवायच्या.

मग १६७० मध्ये चौदाव्या लुईने पॅरिसचे जुने तट पाडायला काढले. राज्याची सरहद्द आता भक्कम आहे, राजधानीभोवती भिंत कशाला, असा त्याचा तोरा. भिंत गेली, खंदक बुजवला, तर शहराभोवती एक लांबलचक रुंद पट्टा रिकामा झाला. त्यावर झाडांच्या रांगा लावल्या. लोक तिथे हवा खायला जाऊ लागले. जागेचं नाव मात्र तटाचंच राहिलं. पुढे १८५३ ते १८७० या काळात ओस्मान नावाच्या प्रशासकाने जुन्या वस्त्या फोडून पॅरिसमधून रुंद रस्ते काढले. त्यातल्या कितीतरी ठिकाणी तट कधी नव्हताच, तरी नाव पडलं बुलेवार्ड.

व्हिएन्नात तेच. १८५७ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफने तट पाडायचा हुकूम काढला आणि त्या जागी गोल रिंगरोड झाला, रिंगश्ट्रासे. आपल्याकडे 'रिंगरोड' म्हटलं की ट्रक आणि ढाबे डोळ्यांसमोर येतात. तिथे ऑपेरा हाऊस आणि संसद आहे.

तर्रीबाज
म्हणजे नाव खरं करायचं तर सोसायटीची कंपाउंड वॉल पाडावी लागेल. रविवारच्या अजेंड्यावर घ्या हो.

गंगाकाठचा
@तर्रीबाज, वॉलवरून शेजारच्या प्लॉटवाल्याशी आधीच वाजलंय, काडी टाकू नका :)

@शब्दखोर, जबरी माहिती. मेढेकोट शब्द शाळेनंतर आजच दिसला.

मुक्ता_कॉलेजरोड
छान प्रतिसाद, शब्दखोर. थोडी भर घालते, कारण लोक अॅव्हेन्यू आणि बुलेवार्डची सरमिसळ करतात (आपले बिल्डर तर ज्याचा फॉन्ट छान दिसेल ते घेतात).

अॅव्हेन्यूचं मूळ 'येणे'. ज्या रस्त्याने एखाद्या वाड्याकडे, स्मारकाकडे यायचं तो, दोन्ही बाजूंनी झाडं लावलेला. म्हणून पॅरिसमधला सगळ्यात प्रसिद्ध रस्ता, शांझेलिझे, अॅव्हेन्यू आहे, बुलेवार्ड नाही: सरळ जाऊन विजयकमानीला भिडतो. रुंदी ७० मीटर आणि लांबी जेमतेम दोन किलोमीटर. बुलेवार्ड हा मुळात शहराला वळसा घालणारा.

अमेरिकेत गेल्यावर हे सगळं सैल झालं. माझा भाऊ तिकडे राहतो त्या गावात बुलेवार्डवर एक झाड नाही, नुसती गाड्यांची शोरूम्स. मला विचाराल तर झाड हीच खरी खूण. झाडाखालून चालता येत नसेल तर तो कितीही रुंद असो, बुलेवार्ड नव्हे.

पंपिंगस्टेशन
मग आपला गंगापूर रोड अस्सल बुलेवार्ड. तिथे तर झाडं रस्त्याच्या कडेलाही नाहीत, डांबरात मधोमध उभी आहेत. बुंध्याला पट्टे, वर रिफ्लेक्टर. रात्री हेल्मेट घालून दर्शन घ्यावं.

मुक्ता_कॉलेजरोड
@पंपिंगस्टेशन, हसू नका. रस्ता रुंद झाला तेव्हा झाडं होती तिथेच होती, रस्ता त्यांच्यापर्यंत चालत आला. तोडण्यापेक्षा हे बरंच. फक्त भोवती नीट बेट करा, दिवा लावा.

पंपिंगस्टेशन
बेट करा म्हणायला सोपं आहे. माझा पुतण्या तिथे आपटलाय, वाचला म्हणून बोलतोय. झाडं मलाही हवीत, पण वाहतुकीच्या मध्ये नकोत. असो, इथे तो वाद नको.

लालडबा
'अॅव्हेन्यू म्हणजे येण्याचा रस्ता' वाचून ट्यूब पेटली. आपल्याकडे हा अर्थ रेल्वेने जपलाय!

नाशिकरोड. बाहेरच्यांना कायम कोडं पडतं की स्टेशनाच्या नावात 'रोड' कशाला. रेल्वेचा जुना रिवाज असा: गाव रुळांपासून दूर असेल आणि स्टेशनात उतरून सडकेने गावात जावं लागत असेल तर स्टेशनाला 'अमुक रोड' म्हणायचं. म्हणजे नाशिकला नेणारा रोड इथून लागतो. पुढे स्टेशनाभोवती एवढं मोठं गाव वसलं की आता माणसं 'रोडला राहतो' असं सांगतात आणि सगळ्यांना बरोबर कळतं. आख्खं उपनगर रोडवर राहतं, कोणाला वावगं वाटत नाही.

त्या रस्त्यावर १८८९ पासून ट्राम होती. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून स्टेशनापर्यंत, सुरुवातीला दोन डबे आणि ओढायला चार घोडे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. बार्शी लाइट रेल्वेवाला काल्थ्रोप या ट्रामचा सल्लागार इंजिनिअर होता.

तर्रीबाज
आणि मेनरोड? नावात 'मेन', आणि समोरून हातगाडी आली की माणसाने दुकानात शिरून एखादा रुमाल विकत घ्यायचा, मगच गाडी पुढे.

आडगावची_आत्या
अरे तेव्हा तोच मेन होता. आमच्या लग्नाचा बस्ता मेनरोडलाच बांधला. टांगे जायचे तिथून दोन्ही बाजूंनी. रस्ता तेवढाच आहे, तुमच्या गाड्या फुगल्यात.

फोर्टातला_माजी_कारकून
शब्दखोर यांचा तट पाडण्याचा किस्सा वाचला आणि म्हटलं आपलं उदाहरण कोणी का देत नाही. मुंबई! नोकरीची सगळी वर्षं 'फोर्ट'मध्ये काढली, किल्ला कुठे दिसला नाही. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तट पाडले. दरवाजे गेले, नावं राहिली. चर्चगेट हा किल्ल्याचा दरवाजा, सेंट थॉमस चर्चच्या बाजूचा. बझारगेट तसंच. आणि काळा घोड्यापाशी जो के. दुभाष मार्ग आहे, त्याचं जुनं नाव रॅम्पार्ट रो. रॅम्पार्ट म्हणजे तटच. तेव्हा व्युत्पत्तीने बघितलं तर महाराष्ट्रातला खरा बुलेवार्ड तो, चिमुकला असला तरी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिथल्या फुटपाथवर आम्ही चित्रं बघत हिंडायचो.

गंगाकाठचा
मंडळी, बुलेवार्ड समजला. आता आजोबांच्या हमरस्त्याचं बोला. काल परत विचारत होते.

फारसीप्रेमी
हम हा फारसी उपसर्ग आहे: सह, एकत्र, समान. हमदर्द, हमसफर, हमशकल. सगळ्यांनी मिळून वापरायचा रस्ता तो हमरस्ता. यात कोडं काही नाही.

शब्दखोर
कोडं आहे. फारसीत 'हम' लागला की 'त्याच गोष्टीचा भागीदार' असा अर्थ होतो. हमदर्द म्हणजे ज्याचं दुःख तेच आहे तो. हमराह म्हणजे ज्याची वाट तीच आहे तो, सोबती. त्या न्यायाने हमरस्ता म्हणजे सोबत चालणारा माणूस व्हायला हवा. मराठीत तो रस्ता कसा झाला?

माझा तर्क: हा 'आम रस्ता' आहे. हिंदीत 'यह आम रास्ता नहीं है' अशा पाट्या गावोगाव दिसतात. आम म्हणजे सर्वसाधारण लोकांचा. मराठी तोंडाला शब्दारंभी ह लावायची खोड आहेच: ओठ, होठ. आणि 'हमखास' बघा. आम आणि खास, दोन्ही मिळून सगळे. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास ही जोडी सगळ्यांना माहीत असते. सगळ्यांना लागू म्हणून खात्रीचं, हमखास. जो ह तिथे लागला तोच इथे.

फारसीप्रेमी
ओठ-होठ वर एवढा डोलारा? संस्कृतातून आलेल्या शब्दाचा नियम अरबी 'आम'ला लावताय. आणि अर्थ परक्या भाषेत बदलतातच. 'शिकस्त' फारसीत पराभव, आपण 'प्रयत्नांची शिकस्त' करतो. मग 'हम'ने मराठीत येऊन थोडा वेश बदलला तर बिघडलं कुठे?

शब्दखोर
शिकस्तीचा मूळ अर्थ मोडणं, तुटणं. मोडेपर्यंत प्रयत्न, अर्थ सरळ लागतो. हमरस्त्याचा तसा लागत नाही एवढंच म्हणणं.

फारसीप्रेमी
लागतो. तुम्ही लावून घेत नाही.

तर्रीबाज
माझी व्युत्पत्ती: हमालांचा रस्ता तो हमरस्ता. दोघांनी भांडण मिटवून चहा घ्या.

आडगावची_आत्या
आमच्या सासूबाई 'हमरस्त्याला जाऊ नको' म्हणायच्या, म्हणजे आग्रा रोडला. पोरं खेळायला तिकडे पळायची. दोन्ही बाजूला वड होते, सावलीत बैलगाड्या सुटलेल्या असायच्या. हम कोण ते विचारलं नाही कधी.

फारसीप्रेमी
बाकी खुद्द 'रस्ता' शब्दाकडे कोणी बघतच नाहीये. फारसीत 'रास्त' म्हणजे सरळ, खरा. त्यापासून 'रास्ता' म्हणजे सरळ ओळ, विशेषतः बाजारातल्या दुकानांची ओळ, आणि मग तिच्यामधली वाट. आपल्या रेशनच्या दुकानावर 'रास्त भाव' लिहिलेलं असतं तो हाच रास्त. दुकानाचा भाव आणि दुकानासमोरचा खड्डा, एकाच घराण्यातले.

पुण्याची रास्ता पेठ मात्र यातली नव्हे, ती सरदार रास्त्यांच्या नावाची.

मुक्ता_कॉलेजरोड
मस्त! म्हणजे आपली 'आळी' तशीच की. आळी म्हणजे ओळ, घरांची. तांबट आळी, म्हणजे तांबटांच्या घरांची रांग. आणि इंग्रजी 'रोड'चं मूळ घोड्यावर बसून जाणं, 'राइड'. संस्कृत 'रथ्या', रथ जाऊ शकेल अशी. ज्याचं जे वाहन त्याचा तो रस्ता.

पंपिंगस्टेशन
रथ्येवरून आठवलं. सिव्हिलवाला आहे, त्यामुळे आकडे पाठ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचनेचं प्रकरण आहे. शहरात पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिण-उत्तर तीन राजमार्ग, बारा दरवाजे. रथ्या चार दंड रुंद, राजमार्ग आठ दंड. दंड म्हणजे चार हात, सुमारे सहा फूट. म्हणजे राजमार्ग अठ्ठेचाळीस फूट, साधारण पंधरा मीटर.

आता आपल्याकडची जाहिरात वाचा: 'अठरा मीटर डीपी रोड टच'. आमच्या गल्लीबाहेरचा डीपी रोड चाणक्याच्या राजमार्गापेक्षा रुंद आहे. कागदावर. प्रत्यक्षात एका बाजूला पाणीपुरीच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला लग्नाच्या हॉलचं पार्किंग, उरते ती रथ्या.

तर्रीबाज
रथ्या पण नाही, अॅक्टिव्ह्या.

बिदीवाली
इतका वेळ वाचत होते, कोणीच कसं म्हटलं नाही? जुन्या मराठीत नेमका शब्द आहे: राजबिदी. संस्कृत वीथी, तिची मराठी बिदी. राजबिदी म्हणजे नगरातला मोठा, शोभिवंत रस्ता. गावाबाहेरचा हमरस्ता वेगळा. ही शहराच्या आतली, दुकानांची, मिरवणुकीची. बुलेवार्डला याहून जवळचं काही नाही. शिवाय कानाला किती गोड.

लालडबा
गोड आहे, पण सिन्नर तीस किलोमीटरवर आहे हो. पेंटरने द चा ड केला की 'राजबिडी'. विड्यांचा नवा कारखाना समजून एजंट गेटवर येतील.

आडगावची_आत्या
:D :D चहा सांडला.

बिदीवाली
हसा. शब्द वापरला नाही म्हणूनच विडीच्या वळणावर गेला.

पंचवटीतला
रुंद रस्त्यांबद्दल चाललंय म्हणून लिहितो, जरा गंभीर आहे. आमच्याकडे एक रस्ता नावानेच मोठा: शाही मार्ग. कुंभात तपोवनाकडून आखाडे रामकुंडाला जातात तो. शाही म्हणजे राजाचा, पण ज्या बोळांतून तो जायचा ते राजाच्या मापाचे नव्हते. २००३ ला सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी झाली, तीसपेक्षा जास्त माणसं गेली. आमचं दुकान जवळच होतं, शटर अर्धं ओढून आम्ही बायाबापड्यांना आत घेतलं. पायरीवर चपलांचा ढीग पडला होता. २०१५ ला मार्ग बदलला.

आता 'शाही स्नान' न म्हणता 'अमृत स्नान' म्हणायचं चाललंय. दिल्लीतही राजपथाचा २०२२ ला कर्तव्य पथ झाला, आणि त्याआधी इंग्रजांचा तो किंग्जवे होता. नावं बदला, माझं काही म्हणणं नाही. पण उतारावर रस्ता किती मीटर आहे ते आधी विचारा.

मुक्ता_कॉलेजरोड
@पंचवटीतला, हे माहीत नव्हतं. तुमच्या घरच्यांना नमस्कार सांगा.

शब्दखोर
पंचवटीतला यांच्याशी सहमत. ओस्मानच्या पॅरिसबद्दलही हेच बोललं जायचं: रुंद रस्ते हवा-उजेडासाठी की बंडखोरांनी आडोसे रचू नयेत आणि फौज पटकन यावी म्हणून? दोन्ही कारणं होती. रुंदी कोणासाठी, हा प्रश्न शब्दाच्या मुळाइतकाच महत्त्वाचा.

अक्षरशत्रू
मी फक्त उच्चाराचं बोलतो. फ्रेंचमध्ये शेवटचा ड मुका. त्यामुळे 'बुलव्हार' हेच शुद्ध.

तर्रीबाज
'बुलव्हार' वाचून लोक विचारतील बुल कुठे आहे आणि हार कुणाला घालायचा.

फोर्टातला_माजी_कारकून
विशेषनामाचं भाषांतर करू नये, आणि शुद्धही करत बसू नये. चर्चगेटचं कोणी 'देऊळदरवाजा' केलं का? जे चारचौघांच्या तोंडात आहे ते लिहा. सातबारा, कर, वीजबिल, सगळीकडे एकच नाव लागतं. उद्या बँकेने कागद परत पाठवले की व्युत्पत्ती उपयोगी पडत नाही.

बिदीवाली
तोंडात तर 'भुलेवाडा' आहे. मला तेच आवडलं. वाडा आहे, आणि पाहुणे पत्ता भुलतातही.

गंगाकाठचा
मीटिंग झाली. वृत्तांत:

आजोबांना मेढेकोट सांगितला, ते इतके खूश झाले की हमरस्ता सोडून 'मेढेकोट' लिहा म्हणायला लागले. सेक्रेटरी ताईंनी कारकूनसाहेबांचा वीजबिलाचा मुद्दा मांडला, त्यावर सभा शांत. शेवटी मोठ्या अक्षरांत 'बुलेवार्ड' नक्की झालं. आतल्या दोन इमारतींमधला जो झाडांचा पट्टा आहे, जिथे ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी फेऱ्या मारतात, त्याला छोटी पाटी 'राजबिदी'. बिदीवाली, तुमचा विजय. पेंटरला द मोठा काढायला बजावून सांगितलंय.

हमचा निकाल लागला नाही. आजोबांनी फारसीप्रेमी आणि शब्दखोर दोघांना चहाला बोलावलंय, समोरासमोर होऊ द्या म्हणाले.

फारसीप्रेमी
येतो. शिकस्तीचा विषय काढणार नसाल तर.

शब्दखोर
तोच काढणार आहे.

तर्रीबाज
मी पण येतो, मध्यस्थ म्हणून. व्हिजिटर पार्किंग आहे का, की डीपी रोडला पाणीपुरीवाल्याच्या मागे लावू?